घरांवरच्या परिषदेसाठी वक्ते जमवताना (नवीन लागलेल्यांसाठी)

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून ठाण्यात एखाद्या संस्थेत लागलात की हे काम कधी ना कधी गळ्यात पडतंच. 'परवडणारी घरं आणि सामाजिक आधार' असा काहीतरी विषय, एक दिवसाची परिषद, आणि वक्त्यांची जबाबदारी तुमच्यावर. मी वागळे इस्टेटच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये काम करते, अशा परिषदांची मांडामांड बऱ्यापैकी केलीये, म्हणून कामाला येईल तेवढं लिहितेय.

यादी सगळ्यांची सारखीच असते. एक अधिकारी, एक आर्किटेक्ट, एक प्राध्यापक, स्पॉन्सरच्या ओळखीतला एखादा बिल्डर आणि शेवटी वस्तीतली एक ताई, तिला साडेचारचा स्लॉट. तोवर साहेब दिवा लावून, भाषण ठोकून, शाल-श्रीफळ घेऊन कधीच निघून गेलेले असतात आणि उरलेले लोक चहा कुठेय बघत असतात. माझं सरळ म्हणणं आहे, ताईला सकाळी पहिलं बोलू द्या आणि साहेबांना लगेच तिच्यानंतर. मग त्यांना ऐकावं लागतं, आणि समोर बसलेल्या बाईने आत्ताच जे विचारलं त्याला सोडून छापील भाषण वाचणं जरा अवघड जातं. आयोजक प्रोटोकॉल वगैरे म्हणतील, म्हणू देत.

कारण अधिकाऱ्यांचं भाषण चावी दिल्याच्या फोटोवर संपतं आणि आपला विषय तिथून पुढे सुरू होतो. पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये गेलेल्या एका ताईने स्टेजवर सांगितलेलं, वस्तीत असताना पोराला शेजारणीकडे सोडून मी चार घरची कामं करायचे, इथे सगळ्यांची दारं बंद, पोराला कुठे ठेवू, म्हणून दोन घरं सोडली, आणि वर मेंटेनन्स चालू झाला. लिफ्ट बंद पडली तर सासू पावसाळाभर खाली उतरलीच नाही. हॉलमध्ये एकदम शांतता. हे कुठल्या स्लाइडवर येणार हो? तळोज्यात सिडकोची घरं लागलेल्यांना विचारा, पेंधरपर्यंत मेट्रो सुरू झाली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याआधी ज्यांनी ताबा घेतला त्यांचा निम्मा जीव येण्याजाण्यातच गेला.

म्हणून आधाराच्या बाजूचा एक तरी वक्ता हवाच, नुसते एफएसआयवाले, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल याचंच गणित मांडणारे, नकोत. 'हाउसिंग फर्स्ट'चं नाव कोणी ना कोणी घेतंच, म्हणून थोडं वाचून ठेवा. ते १९९२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं, रस्त्यावरच्या मानसिक आजारी माणसाला आधी घर द्यायचं, 'आधी सुधार मग घर' अशी अट घालायची नाही, आणि मदतीला माणसं मात्र येत राहतात. पण इतक्या लांब जायची गरजही नाही, चेन्नईची द बनियन संस्था १९९३ पासून या क्षेत्रात आहे, त्यांच्या 'होम अगेन'मध्ये वर्षानुवर्षं हॉस्पिटलात राहिलेली माणसं साध्या वस्तीत घर घेऊन एकत्र राहतात आणि सोबतीला कार्यकर्त्या असतात. ज्या ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे तिथल्या घरांच्या परिषदेत हा विषय निघत नाही याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

आता ताईला तयार कसं करायचं. भाषण लिहून देऊ नका, पाठ करून म्हटलेलं लगेच कळतं. दोनदा घरी जाऊन बसा, गप्पा मारा, आणि स्टेजवर मुलाखतीसारखं तुम्ही विचारा, ती सांगेल. पोडियम नको, खुर्ची आणि हातातला माइक. वेळ ठरवताना तिच्याकडे पाणी किती वाजता येतं ते आधी विचारा. आणि खाडा होतो त्याचे पैसे त्याच दिवशी रोख पाकिटात, जाण्यायेण्याच्या रिक्षासकट. अकाउंट्सवाले पॅनकार्ड आणि कॅन्सल चेक मागतील, साध्या व्हाउचरवर सही चालेल हे त्यांच्याकडून आठवडाभर आधीच लेखी घेऊन ठेवा, नाहीतर ती बाई महिनाभर तुम्हाला फोन करत बसते आणि प्राध्यापकांना मात्र मानधन वेळेत मिळतं. नाव, फोटो, व्हिडिओ कुठे जाणार तेही आधी सांगा. सोसायटीच्या कमिटीविरुद्ध किंवा बिल्डरविरुद्ध बोलली तर तिला परत त्याच बिल्डिंगमध्ये राहायचंय.

अधिकाऱ्यांचं तंत्र वेगळं. महापालिका, सिडको, म्हाडाचं कोकण मंडळ, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण), कुठेही जा, पत्र इनवर्ड करून (म्हणजे आवक नोंदीत चढवून) शिक्क्याची कॉपी घ्या, मग पीएला फोन, मग परत फोन. आयुक्तांना बोलवाल आणि उपायुक्त येतील, ते आधीच धरून चाला, खरं तर फाइल हाताळणारा माणूस जास्त कामाचं बोलतो. मार्चमध्ये ठेवू नका, आणि आचारसंहिता लागणार असेल तर विसराच. पत्रातच तीन ठरावीक प्रश्न लिहून पाठवा. 'सरकार कटिबद्ध आहे' ऐकायला कोणी शनिवार घालवत नाही. एकदा एका पत्रात आम्ही विचारलं होतं की १ जानेवारी २००० (मोफत घराच्या पात्रतेची तारीख) च्या नंतरच्या झोपडीवाल्याने पात्रतेसाठी नेमके कुठले कागद आणायचे, साहेब खरंच यादी घेऊन आले, आणि लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढत होते.

आर्किटेक्ट मंडळींना साठ स्लाइड आणायची सवय असते. त्यांना सांगा, स्लाइड दहाच, आणि बाकीचं जमिनीवर दाखवा. आम्ही हॉलबाहेरच्या मोकळ्या जागेत मास्किंग टेपने घरं आखली होती. एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) रेंटल स्कीमचं, म्हणजे भाड्याच्या घरांचं १६० चौरस फूट, एसआरएचं आधी २२५, मग २६९ आणि आताचं ३००, आणि पंतप्रधान आवासचं ३० चौरस मीटर म्हणजे साधारण ३२३. आत गादी, गॅसची शेगडी आणि पिंप ठेवलं. पाच जण १६०मध्ये उभे राहिले की सहावा बाहेरच. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यात जास्त गर्दी तिथेच, त्या टेपवर उभं राहून लोक आपापल्या घराची मापं सांगत होते.

भाषा मराठीच ठेवा, हिंदी चालेल. इंग्रजी पॅनल ठाण्यात ठेवलात तर ज्यांच्यासाठी परिषद आहे ते मागच्या रांगेत मोबाइल बघत बसतात.

आणि परिषद संपली की काम संपत नाही. साहेबांनी स्टेजवर जे जे 'बघतो' म्हटलंय ते मुद्देवार टाइप करा, आठवड्याच्या आत त्यांच्याच ऑफिसात इनवर्ड करा आणि एक कॉपी ताईला नेऊन द्या, पुढचा फॉलोअप तीच तुमच्यापेक्षा जास्त चिकाटीने करते.