आरोपी खटल्याला उभा राहू शकतो का, हे तपासायचं कसं

आधी एक घोळ डोक्यातून काढा. गुन्ह्याच्या वेळी त्याचं डोकं ठिकाणावर होतं का हा प्रश्न वेगळा, आणि आज कोर्टात चाललेलं त्याला कळतंय का हा वेगळा, आपल्याला फक्त आजचं बघायचंय.

भेटल्याबरोबर सांगा की मी इथे तुमच्यावर उपचार करायला आलेलो नाही, कोर्टाने पाठवलंय, तुम्ही बोलाल ते रिपोर्टमध्ये जाऊ शकतं. त्याने मान हलवली म्हणून पुढे जाऊ नका, त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावा, तपासणी खरं तर इथेच सुरू होते.

मग ऐकू येतंय का, भाषा कळतेय का, औषधाची गुंगी आहे का हे बघा. इंग्लंडमधले निकष ज्या १८३६ च्या प्रिचर्ड खटल्यातून आले त्यातला आरोपी मूकबधिर होता!

आरोप काय, शिक्षा काय होऊ शकते, सरकारी वकील कुणाच्या बाजूने, साक्षीदार खोटं बोलला तर तुम्ही काय कराल, असं विचारा. हो-नाहीचे प्रश्न टाळा, बौद्धिक अक्षमता असलेली बरीच माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून सगळ्यालाच हो म्हणतात. एखादी गोष्ट माहीत नसेल तर समजावून सांगा आणि अर्ध्या तासाने परत विचारा, नुसतं माहीत नसणं वेगळं आणि डोक्यात न टिकणं वेगळं.

खरी गोची पुढे आहे. काही जणांना जज, वकील, शिक्षा सगळं तोंडपाठ असतं, पण 'माझा वकील त्यांच्यातलाच आहे, माझे विचार त्यांना पोचवतो' असं ठाम वाटत असतं. अमेरिकेतल्या १९६० च्या डस्की निकालाने हेच धरलं, की माहिती असून भागत नाही, ती तर्काने वापरता आली पाहिजे आणि वकिलाशी धड बोलता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक उत्तरावर 'असं का वाटतं?' विचाराच. 'वकील एकदाच भेटला, तेही पाच मिनिटं' हे कारण निघालं तर तो भ्रम नाही, साधा वैताग आहे.

स्किझोफ्रेनिया असूनही माणूस फिट, म्हणजे खटल्याला उभा राहण्याजोगा, असू शकतो. घटना आठवत नाही एवढ्यावरही अनफिट ठरत नाही, इंग्लंडमधल्या पोडोला खटल्यात १९५९ मध्ये हे स्पष्ट झालं.

आजाराचं नाटक करतोय असा संशय आला तर ५० चित्रं दाखवून मग दोन-दोन चित्रांतून आधी पाहिलेलं ओळखायला लावायची टेस्ट आहे. डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ च्या आसपास बरोबर येतात, त्याहून फारच कमी आले तर बरोबर उत्तर माहीत असून टाळलंय. पण नाटक करणारा आजारीही असू शकतो हां.

रिपोर्टमध्ये 'अनफिट' एवढंच लिहून पाठवू नका. नेमकं काय जमत नाही, कशामुळे, त्याची वाक्यं जशीच्या तशी, आणि औषधाने किंवा शिकवून किती दिवसांत जमेल याचा अंदाज द्या. गुन्ह्याबद्दल त्याने जे सांगितलं ते मात्र त्यात घालू नका, नाहीतर त्याचाच कबुलीजबाब होऊन बसतो. फिट की अनफिट हे शेवटी कोर्टच ठरवणार.