धागा घ्यावा का पाण्याचं मशीन? आधी स्वतःचे दात बघा

हुरड्याचा सीझन आला की आमच्या लातूरच्या मेडिकलवर दातकोरण्याच्या डब्या संपतात, हे दरवर्षीचंच आहे, पण आताशा पोरं मोबाईलवर रील उघडून विचारायलेत, "भैया, हे पाणी मारायचं मशीन आहे का, अन् धाग्यापेक्षा खरंच चांगलं का?" मी म्हणतो, आधी आ कर. म्हणजे गमतीत म्हणतो, मी काही डॉक्टर नाही, पण उत्तर खरंच तोंडात बघूनच द्यायचं आहे, कारण ज्याचे दात गच्च आहेत त्याला एक गोष्ट लागते अन् ज्याच्या दातात फटी आहेत किंवा तारा बसवल्यात त्याला दुसरी.

मुळात फ्लॉस, म्हणजे हा दातांच्या फटीत घालायचा धागा, हुरड्याची टरफलं नाहीतर मटणाचे रेषे काढायला नसतो, ते तर दिसतं, टोचतं, माणूस काडीनं काढून टाकतो. खरी भानगड असते न दिसणाऱ्या चिकट थराची. दोन दातांच्या मध्ये ब्रश पोचत नाही, तिथं हा थर बसतो, कडक होऊन कीटण होतो, अन् एकदा कीटण झालं की धागा काय अन् मशीन काय, कशानं निघत नाही, डेंटिस्टकडं क्लिनिंगच करावं लागतं. (क्लिनिंगनं दात हलतात हे आपल्याकडं घरोघरी सांगतात, तसं नसतं, आधीच हलणारे दात कीटणानं धरून ठेवलेले असतात, ते गेलं की कळतं.)

म्हणून माझा सल्ला सरळ आहे, मशीन घ्यायच्या आधी एक धाग्याची डबी घ्या, शे-दीडशेला मिळते, अन् तीच तपासणी समजा. मेणाचा म्हणजे वॅक्स्ड धागा घ्या, नवख्याला तो बरा, सुटसुटीत सरकतो. साधारण दीड फूट तोडायचा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, मध्ये इंचभर मोकळा ठेवायचा अन् अंगठा-तर्जनीनं ताणून करवतीसारखा मागंपुढं करत हळू खाली न्यायचा. दाबून टक्कन खाली घातला तर हिरडी कापते, अन् मग माणूस म्हणतो फ्लॉसच वाईट. खाली गेल्यावर धागा एका दाताला अर्धगोल वेढायचा, हिरडीच्या काठाच्या किंचित आत जाईल एवढा, अन् वरखाली घासायचा. मग त्याच फटीत शेजारच्या दाताला तसंच. बरेच जण नुसतं आतबाहेर करून सोडून देतात, त्यानं अन्नाचा कण निघतो, थर तसाच राहतो. पुढच्या फटीला धाग्याचा कोरा भाग घ्यायचा, अन् शेवटच्या दाढेची मागची बाजू विसरायची नाही.

आता बघा काय झालं. धागा सगळीकडं गच्च पण नीट गेला? मग तुमचं काम धाग्यावर भागतं, चार हजार घालवायची गरज नाही. एकाच जागी दरवेळी धागा अडकतोय, तुटतोय, त्याचे तंतू निघतायत? तिथं कीड असू शकते नाहीतर दातात भरलेल्या जुन्या सिमेंटची कड निघालेली असते, ते दाखवून घ्या. अन् धागा कुठंच न घासता सैल निघून येत असेल तर फटी मोठ्या आहेत, तिथं मशीनच्याही आधी बाटली धुवायच्या ब्रशासारखा दिसणारा बारका इंटरडेंटल ब्रश बघा, याची कुणी रील करत नाही म्हणून खपत नाही. २०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी झालेले अभ्यास एकत्र तपासले, त्यांचंही म्हणणं असंच होतं की नुसत्या ब्रशपेक्षा सोबत धागा किंवा हा बारका ब्रश असला तर हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, अन् बारका ब्रश धाग्यापेक्षा थोडा सरस असू शकतो. पुरावा लई भक्कम नाही हे पण त्यांनी सांगितलंय. मशीनच्या बाजूचे अभ्यासही आहेत, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांना मशीन बनवणाऱ्यांचाच पैसा आहे, तेवढं ध्यानात ठेवून जाहिरात बघा.

मग मशीन कुणाला? ज्यांना तारा बसवल्यात त्यांना पहिलं. तारेखालून धागा ओवत बसायला कॉलेजच्या पोराकडं धीर नसतो. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला खोटा दात) किंवा इम्प्लांट (हाडात स्क्रूनं बसवलेला दात) असलेल्यांना, अन् ज्यांचे हात थरथरतात, संधिवातानं बोटं वळत नाहीत, लकव्यानंतर एकच हात चालतो अशांना. आमच्या आईच्या खालच्या दाढांना ब्रिज आहे, तिला धागा खालून घालणं जमत नव्हतं, मशीनवर मात्र ती खूश आहे. पद्धत एवढीच: पाणी कोमट, प्रेशर सगळ्यात कमी, नोझल (पाणी सोडणारी बारकी नळी) आधी तोंडात अन् मग बटण (उलटं केलं की आरसा, भिंत, बनियन सगळं ओलं), बेसिनवर वाकून ओठ थोडे मिटायचे म्हणजे पाणी खाली पडतं, अन् नोझल हिरडीच्या रेषेला काटकोनात धरून एकेका फटीशी क्षणभर थांबत पुढं सरकायचं. मिनिट-दीड मिनिटाचं काम.

पण आपल्याकडं मशीनचा खरा दुश्मन म्हणजे बोरचं पाणी. ज्या पाण्यानं गिझरची कॉइल पांढरी होते, बादलीला कड धरते, तेच पाणी या मशीनच्या सुईएवढ्या भोकातून जायलंय म्हणल्यावर काय होणार. आमच्याकडं परत आलेल्या एका मशीनच्या नोझलच्या तोंडावर मिठासारखा पांढरा कण बसलेला होता, धार सरळ जायची सोडून कानाकडं उडायची, अन् गिऱ्हाईक म्हणायलं मोटर गेली. मोटर बरी होती. म्हणून टाकीत फिल्टरचं किंवा जारचं पाणी टाका, वापरून झालं की उरलेलं ओतून टाकी उघडी वाळू द्या, अन् अधूनमधून अर्धा लिटर कोमट पाण्यात एक-दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाकून तेच मशीनमधून बेसिनात सोडा, मग साध्या पाण्यानं धुवा. पाणी किती लागतं अशी शंका लातूरकरांना हमखास येते, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे, शंका बरोबरच आहे, पण हातात धरायच्या मशीनची टाकी दीडशे ते तीनशे मिलीची असते, नळ चालू ठेवून ब्रश करणारा याच्यापेक्षा जास्त वाया घालवतो. लाईटचं टेन्शन नाही, चार्जिंगची घ्या.

सुरुवातीला रक्त येऊ शकतं, धाग्यानं पण अन् मशीननं पण. घाबरून बंद करू नका, सुजलेल्या हिरडीतून येतं अन् रोज केलं तर आठवड्या-दोन आठवड्यात थांबतं. नाही थांबलं, किंवा शुगर असेल अन् हिरड्या सारख्या सुजत असतील, तर डेंटिस्टकडं जा. ज्यांनी हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय त्यांनी आपल्या डॉक्टरला आधी विचारून घ्या. अन् गुटखा-सुपारीवाल्यांना एक स्पष्ट सांगतो, त्याचे डाग दोन्हीनं जात नाहीत, आणि तोंड कमी उघडायलंय, त्यात तीन बोटं उभी जात नसतील तर फ्लॉस कोणता हा प्रश्नच सोडा, जवळच्या डेंटिस्टकडं नाहीतर संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजात तोंड दाखवून या.

मशीन घ्यायचं ठरलंच तर ऑनलाइन टाकण्याआधी एकच बघा, त्याच मॉडेलचे नोझल सुटे मिळतात का. मिळत नसतील तर ऑफर कितीही भारी असू द्या, घेऊ नका.