घरच्या ग्रुपवर निर्वासितांचा विषय निघाला की काय करायचं

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी हा विषय निघतोच. कुणीतरी युरोपातल्या कुठल्यातरी स्टेशनवरच्या गर्दीचा व्हिडिओ टाकतं, काका खाली लिहितात "आधी घरचं बघा", पुतणी लिहिते "माणुसकी आहे की नाही", मग आत्या गुड मॉर्निंगचं फूल टाकून विषय मिटवायला बघते आणि तो काय मिटत नाही. मी स्वतः दोनदा ग्रुप सोडलाय आणि दोन्ही वेळा आईनं परत ॲड करायला लावलंय. त्यातनं जे कळलं ते लिहितोय, कुणाला उपयोग झाला तर झाला.

पहिलं म्हणजे शब्दांचा गुंता सोडवा. निम्मं भांडण तिथंच असतं. युद्धामुळं किंवा छळाच्या भीतीनं देश सोडलेला आणि तसं तपासून मान्य झालेला तो निर्वासित. ज्याचा अर्ज अजून तपासायचाय, खरा की खोटा ते ठरायचंय, तो आश्रय मागणारा. पोटापाण्यासाठी आलेला वेगळा. काका या सगळ्यांना "घुसखोर" म्हणतात आणि पुतणी सगळ्यांना "निर्वासित" म्हणते, आता यांचं जमणार कसं. त्यात आपल्याकडं अजून गोंधळ, कारण भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं भारत सरकार बघतं, अफगाणिस्तान-म्यानमारच्या बऱ्याच लोकांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते, पण तिचं कार्ड हातात असलं तरी कायद्याच्या लेखी तो माणूस परदेशीच.

दुसरं, "निर्वासित घ्यावेत का" असा मोघम प्रश्न विचारूच नका. कुठले, किती, किती दिवस, खर्च कुणाचा, असं विचारा. नोव्हेंबर १९३८ मध्ये अमेरिकेत गॅलप या सर्व्हे करणाऱ्या संस्थेनं लोकांना विचारलं की नाझी ज्यूंना जसं वागवतायत ते पटतं का, १०० पैकी ९४ जण म्हणाले नाही पटत. मग विचारलं की जर्मनीतल्या ज्यूंना जास्त संख्येनं इथं येऊ द्यायचं का, तर ७२ जण म्हणाले नको. म्हणजे वाईट वाटणं एक आणि दार उघडणं एक. सर्व्हेचा आकडा कुणी फेकला की आधी प्रश्न काय होता ते मागा. २०१६ मध्ये युरोपातल्या १५ देशांत १८ हजार मतदारांपुढं आश्रय मागणाऱ्यांची काल्पनिक माहिती ठेवून असाच अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की लोकांना काम करू शकणारे, ज्यांच्या सांगण्यात विसंगती नाही असे, आणि मुस्लिमांपेक्षा ख्रिश्चन लोक जास्त चालतात. ऐकायला बरं वाटत नाही पण मतं अशीच बनतात, आपल्याही घरात.

आता महत्त्वाचं, विषय आपल्या गावावर आणा. आम्ही कोल्हापूरचे, म्हणून मी शेजारच्या वळिवडे गावचा विषय काढतो. १९४३ पासून इथं साधारण ५ हजार पोलिश लोक राहिले, त्यातल्या बहुतेक बायका आणि पोरं. सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरातनं उचलून सायबेरियाकडं हाकललेलं, तिथनं इराणमार्गे ते पंचगंगेकाठी येऊन पोचले. हे सांगितल्यावर काका लगेच म्हणणार, "ते परत गेले की!" बरोबर आहे, १९४८ पर्यंत कॅम्प रिकामा झाला, आणि खर्चही बराचसा देश सोडून लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारच्या खात्यावर होता. हे मान्य करून टाका, इथं ताणू नका. मग हळूच विचारा, त्याच बराकींत नंतर कोण आलं? फाळणीत सगळं सोडून आलेले सिंधी. ते परत गेले नाहीत, जायला जागाच नव्हती. आज त्याला गांधीनगर म्हणतात, आणि आमच्या घरातल्या एकूण एक लग्नाचा बस्ता तिथंच बांधलाय, काकांच्या पोरीचा पण. "ते आपलेच होते" असं उत्तर येईल आणि त्यातही दम आहे, पण मग खरा प्रश्न तोच ना की "आपलं" कोण हे ठरवायचं कसं. इथवर आलात म्हणजे चर्चा सुरू झाली म्हणायची.

तुम्ही कल्याणकडचे असाल तर उल्हासनगर आहे, पूर्व विदर्भातले असाल तर गडचिरोली-चंद्रपूरकडचे बंगाली कॅम्प आहेत, तिबेटी तर थंडीत शहराशहरात स्वेटर विकायला बसतात.

आणि घरात जुनी पत्रं असतील तर काढा राव. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळपास १ कोटी माणूस भारतात आला, आणि १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावायला लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. आमच्या ट्रंकेत असं एक पाकीट सापडलं, त्याचा फोटो टाकला तर दोन दिवस ग्रुपवर भांडणाऐवजी आठवणीच चालल्या होत्या.

पुतणीच्या बाजूच्यांनाही एक सांगायचंय, समोरच्याच्या भीतीला हसू नका. भाडं वाढेल, मजुरी पडेल, पाणी पुरणार नाही, पोरीबाळींचं काय, यातलं नेमकं काय वाटतंय ते विचारा. २०१५ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या स्टेशनवर लोक निर्वासितांसाठी टाळ्या वाजवत उभे होते, त्याच वर्षीच्या थर्टी फर्स्टला कोलोनमध्ये बायकांवर हल्ले झाले, संशयितांत आश्रय मागणारेही निघाले आणि हवा फिरली, २०१७ मध्ये निर्वासितांना विरोध करणारा पक्ष जर्मनीच्या संसदेत जाऊन बसला. टाळ्या वाजवणारे खोटे नव्हते, पण मतं अशी फिरतात. ज्या पोलंडचे लोक वळिवड्यात राहिले त्याच पोलंडनं २०२२ मध्ये युक्रेनच्या लोकांना घरात घेतलं आणि २०२५ मध्ये बेलारूसच्या हद्दीवर आश्रयाचे अर्ज घेणंच थांबवलं.

फॉरवर्डबद्दल थोडक्यात, व्हिडिओ कुठला आणि कधीचा ते बघा, आणि मिलियन म्हणजे १० लाख, कोटी नाही, आमच्याकडं हे दर वेळी चुकतं. जगातले साधारण तीनात दोन निर्वासित शेजारच्याच देशात थांबतात, युरोपपर्यंत पोचणारे कमीच.

तीन मेसेजच्या पुढं गाडी गेली की टायपिंग बंद करा आणि सरळ फोन लावा. काका फोनवर वेगळाच माणूस असतात, पाच मिनिटं निर्वासित आणि मग अर्धा तास गुडघा.