शर्यतीचं मैदान रिकामं का होतं, हे स्टॉपवॉच लावून कसं शोधायचं

प्रायोजक मिळेनात म्हणून मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या मोटरसायकलींच्या शर्यती बंद पडल्या, असं नाशिकमध्ये कुणालाही विचारलं तरी ऐकायला मिळतं. क्रम उलटा असतो. आधी प्रेक्षक उठतो, मग प्रायोजक. आणि प्रेक्षक उठतो तो बहुधा दोन शर्यतींच्या मधल्या वेळात. गाड्या उडतायत तोवर कुणी हलत नाही. राष्ट्रीय रॅली आणि सुपरक्रॉस (मुद्दाम बांधलेल्या छोट्या ट्रॅकवरचा मोटोक्रॉस) दोन्ही पाहिलेल्या गावाची हौस अशी एकाएकी फिटत नाही. म्हणून पुढची स्पर्धा जाहीर करण्याआधी एका चालू स्पर्धेची तपासणी करा, आपली नसली तर शेजारच्या क्लबची. वही, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि एक अख्खा दिवस एवढं पुरतं.

प्रत्येक हीटचे, म्हणजे एका गटाच्या एका शर्यतीचे, दोनच आकडे लिहायचे: स्टार्टिंग गेट पडलं ती वेळ आणि चौकटीचा झेंडा पडला ती वेळ. संध्याकाळी बेरीज करा. नेहमीचं चित्र असं असतं: 10 गट, प्रत्येकाच्या 2 हीट, म्हणजे 20 हीट. लॅप (ट्रॅकची एक फेरी) 50 सेकंदांचा, हीट 6 लॅपची, म्हणजे 5 मिनिटं. मधे सरासरी 15 मिनिटं. एकूण 400 मिनिटं झाली, पावणेसात तासांच्या आसपास, आणि त्यात गाड्या पळाल्या फक्त 100 मिनिटं. म्हणजे तीन चतुर्थांश वेळ लोक रिकाम्या ट्रॅककडे बघत उन्हात बसले. मधला वेळ 6 मिनिटांवर आणला तर तोच कार्यक्रम 220 मिनिटांत संपतो. गट 6 केले तर 132 मिनिटांत.

गट कमी करायला आयोजक तयार नसतात, कारण प्रत्येक गटाची प्रवेश फी येते. पण चार गटांत तोच रायडर चार वेळा पोडियमवर चढला की लोकांच्या लेखी ती एकच शर्यत चारदा झाली. एका रायडरला दोनच गट, हा नियम आधी करा. गाळताना एक गट मात्र ठेवा: शोरूममधून घेतलेल्या देशी बाइकचा. तो गेला की बाइक कंपनीला आणि गावातल्या डीलरला तुमच्या मैदानात दाखवण्यासारखं काही उरत नाही.

ती 15 मिनिटं कुठे जातात, तेही लिहून ठेवा. चार जागा ठरलेल्या आहेत. पहिली, रायडर पॅडॉकमधून, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेतून, वेळेवर येत नाहीत. त्यासाठी गेटमागे दोरी बांधून थांबायची जागा करा. आधीची हीट सुरू झाली की पुढचे रायडर हेल्मेट घालून तिथे हजर हवेत. दुसरी, अ‍ॅम्ब्युलन्स. एकच असेल आणि ती जखमीला घेऊन गेली, तर ती परत येईपर्यंत शर्यत थांबवावीच लागते. दोन ठेवा, दुसरीचं भाडं रिकाम्या 40 मिनिटांपेक्षा नक्की स्वस्त पडतं. तिसरी, पाणी मारणं. चौथी, पाहुण्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि दोन भाषणं यांत अर्धा तास सहज जातो. सत्कार शर्यतीआधी उरकून घ्या. पाहुणे रागावतील, पण तिकीट त्यांनी काढलेलं नसतं.

पाण्याचं सविस्तर सांगायला हवं, कारण धुळीने प्रेक्षक आणि प्रायोजक दोघेही एका दमात जातात. 800 मीटर लांब, 8 मीटर रुंद ट्रॅक म्हणजे 6,400 चौरस मीटर. आदल्या रात्री चौरस मीटरला 4 ते 5 लिटर पाणी खोल मुरवा. 10,000 लिटरचे तीन टँकर लागतात. दुसऱ्या दिवशी दर दोन-तीन हीटनंतर लिटर-दीड लिटरचा हात मारायचा, म्हणजे दर खेपेला एक टँकर. खर्च वाचवण्यासाठी रात्रीचं पाणी गाळतात आणि दिवसभर वरून शिंपडत बसतात. वरचा थर दहा मिनिटांत वाळतो आणि पुन्हा धुरळा. द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर आणून ट्रॅक भिजवायचा मोहही टाळा, त्याच्या तुषारांनी माती नुसती ओलसर दिसते. आणि उडीच्या चढावर हीटच्या तोंडावर पाणी नको, मागचं चाक घसरतं आणि रायडर उडीत आडवा होतो.

मातीही बघून घ्या. नुसती काळी माती भिजली की टायरला लाडवासारखी चिकटते, वाळली की भेगाळते. मुरमात थोडी चिकणमाती मिसळून रोलर फिरवलेला थर चांगला टिकतो. मखमलाबाद, म्हसरूळच्या बाजूला शेजारी बाग असेल तर वाऱ्याची दिशा पाहून ट्रॅक आखा. घडांवर धूळ बसली की बागायतदार पुढच्या वर्षी जागा मिळू देणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता कुंपणाजवळ उभं राहून लोक काय बोलतात ते ऐका. "पप्पा, पहिला कोण आला?" आणि पप्पा म्हणतात, "निळ्या हेल्मेटवाला असेल." एवढं कानावर आलं की दुसरा दोष सापडला. बैलगाडा शर्यतीला लोक तासन्‌तास उभे राहतात. तिथे बारी काही सेकंदांत संपते, पण बैल कुठल्या गावचे, गाडा कुणाचा, मागच्या घाटात काय झालं होतं, हे भोंग्यावरून आधीच कळलेलं असतं. मोटोक्रॉसच्या निवेदकाच्या हातात मात्र प्रायोजकांची यादी असते. त्याला रायडरची चिठ्ठी द्या: नाव, गाव, गाडी, मागचा निकाल, कुणाशी चुरस आहे. 60 फुटांवरून वाचायचा तर नंबर प्लेटवरचा आकडा 6 इंच उंच हवा. दर 10 फुटांना 1 इंच हा ठोकताळा. हीट संपल्यावर 10 मिनिटांत छापील निकाल फळ्यावर लागला पाहिजे. लॅप हाताने मोजत असाल तर दोन जणांनी वेगवेगळ्या वह्यांत मोजावेत, नाहीतर तक्रार आली की तासभर गेलाच.

गुणपद्धत एका वाक्यात सांगता आली पाहिजे. अमेरिकेत मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकारने 2004 मध्ये मोसमाच्या शेवटच्या टप्प्यासाठी वेगळी चुरस आणली, मग 2007, 2011, 2014 आणि 2017 मध्ये नियम पुन्हा बदलले. जुन्या चाहत्यांना मोसमाचा हिशेबच लागेना. 2007 मध्ये सगळ्या कंपन्यांच्या गाड्या जवळपास एकसारख्या दिसणारं मॉडेल आलं, तेही लोकांना रुचलं नाही. त्यात 2008 ची मंदी, आणि प्रेक्षक घटत गेले. नॅसकारच्या प्रसिद्ध डेटोना ट्रॅकचं नूतनीकरण 2016 मध्ये पूर्ण झालं, तेव्हा मागच्या सरळ पट्ट्यावरचा स्टँडच काढून टाकला होता.

प्रायोजकाच्या बाबतीतही नॅसकारकडे बघा. विन्स्टन सिगारेटचं नाव त्यांच्या मुख्य स्पर्धेला 1971 पासून 2003 पर्यंत होतं. पुढच्या 16 वर्षांत नेक्स्टेल, स्प्रिंट आणि मॉन्स्टर एनर्जी अशी तीन नावं आली-गेली. आपल्याकडेही 2003 च्या कायद्याने तंबाखूचं प्रायोजकत्व बंद झालं. एका धंद्यावर सगळी भिस्त ठेवली की असं होतं. एकूण खर्चाच्या 30 टक्क्यांहून जास्त एका प्रायोजकाकडून घेऊ नका. सातपूर, अंबडचे कारखानदार, टायरवाले यांच्याकडे सगळेच जातात. ठिबक, ट्रॅक्टर आणि खतं-औषधं विकणाऱ्यांकडे फारसं कुणी जात नाही, आणि कुंपणाला टेकलेला अर्धा प्रेक्षक त्यांचंच गिऱ्हाईक असतो.

एका फ्लेक्सवर बारा लोगो लावले की लग्नपत्रिकेतल्या प्रेषकांसारखी नावांची रांग होते, कुणी वाचत नाही. मुख्य प्रायोजकाचा बॅनर स्टार्टिंग गेटमागे आणि मोठ्या उडीच्या उतरणीला लावा. फोटो तिथेच निघतात. गेटवर माणूस बसवून टॅली काउंटरने डोकी मोजा आणि दर तासाचा आकडा लिहा. सातव्या दिवशी प्रायोजकाला दोन पानं पाठवा: तासागणिक गर्दी आणि बॅनर दिसणारे सहा फोटो. दुपारी दोननंतर आकडा घसरला असेल तर तोही लपवू नका, पुढच्या वेळी किती गट गाळणार ते शेजारी लिहा. आणि बॅनरवर धूळ चढलेला फोटो त्यात घालू नका.