इंजिन बदललेल्या गाडीत नीट न बसणारे ड्राइव्हशाफ्ट कसे दुरुस्त करावेत

1992 ते 1995 या काळातील होंडा सिव्हिकमध्ये के20 इंजिन बसवणे हा अमेरिकेतील हौशी मंडळींचा आवडता उद्योग आहे. या सिव्हिकच्या मूळ इंजिनाचा गिअरबॉक्स गाडीच्या उजव्या बाजूला असतो, तर 2001पासून आलेल्या के मालिकेच्या इंजिनाचा डाव्या बाजूला. त्यामुळे गिअरबॉक्सची ताकद चाकांपर्यंत नेणारे मूळ ड्राइव्हशाफ्ट निरुपयोगी ठरतात आणि आतला (गिअरबॉक्सकडचा) जॉइंट के मालिकेचा, बाहेरचा (चाकाकडचा) सिव्हिकचा असा जोड-शाफ्ट बनवून घ्यावा लागतो. असा शाफ्ट बसला नाही की दोष तो बनवणाऱ्याच्या माथी मारला जातो. परंतु अनेकदा शाफ्ट बरोबर असतो आणि इंजिनच जागेवर नसते. म्हणून शाफ्टला हात लावण्याआधी मोजमाप करावे. पद्धत सिव्हिकच्या उदाहरणाने सांगितली असली, तरी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कोणत्याही गाडीला ती लागू पडते. भारतात मात्र इंजिन बदलण्यासाठी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आवश्यक असते, ते काम आधी उरकावे.

लक्षणे ओळखा

वळताना बाहेरून कट-कट असा आवाज येत असेल, तर बाहेरचा जॉइंट खराब झालेला असतो आणि त्याचा लांबीशी सहसा संबंध नसतो. खड्ड्यात चाक वर गेल्यावर धातूवर धातू आदळल्यासारखा ठोका बसत असेल, तर शाफ्ट लांब आहे आणि आतल्या जॉइंटची तीन रोलरांची कळ कपाच्या तळाला टेकत आहे, असा संशय घ्यावा. हा मार थेट डिफरन्शियलच्या (गिअरबॉक्समधून दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) बेअरिंगवर बसतो. गाडी जॅकवर उचलल्यावर शाफ्ट गिअरबॉक्समधून निसटत असेल किंवा जॉइंटवरचा रबरी बूट (आवरण) ताणून पांढरा पडत असेल, तर शाफ्ट आखूड आहे.

ॲक्सिलरेटर दाबताच गाडी थरथरते आणि पाय काढताच थांबते, ही तक्रार सर्वांत फसवी आहे. पुष्कळ जण शाफ्टचे बॅलन्सिंग करून घेण्यात पैसे घालवतात. वास्तविक 1.8 मीटर घेराच्या टायरवर ताशी 100 किलोमीटर वेगाला हा शाफ्ट मिनिटाला सुमारे 925 फेरेच घेतो, त्यामुळे किरकोळ असमतोल जाणवणे कठीण असते. ही थरथर बहुधा आतला जॉइंट जास्त कोनात भार ओढत असल्यामुळे येते.

इंजिनची जागा तपासा

गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी असताना दोन्ही हबच्या मध्यबिंदूंपासून आणि डिफरन्शियलच्या मध्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात. इंजिन पुढे-मागे किती सरकले आहे, हे या खुणांवरून कळते. त्यानंतर जमिनीपासून हबची आणि डिफरन्शियलची उंची मोजावी. 400 मिलिमीटर लांबीच्या शाफ्टला उंचीतील दर 7 मिलिमीटर फरकामागे साधारण 1 अंश कोन पडतो. म्हणजे 70 मिलिमीटर फरक असेल तर 10 अंश झाले, आणि माझ्या मते उभ्या गाडीत याहून जास्त कोन ठेवू नये. गाडी खूप खाली बसवलेली असेल, तर ती थोडी उचलावी किंवा माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते आधार) बदलून इंजिनची उंची दुरुस्त करावी. अशा गाडीत महागडा शाफ्टही टिकत नाही.

आतल्या जॉइंटची सरक मोजा

हे काम घाईने करण्याचे नाही. गाडी जॅक स्टँडवर भक्कम ठेवून शॉकॲब्झॉर्बर व स्प्रिंग काढावेत, आतल्या जॉइंटचा बूट मागे सरकवावा आणि ग्रीस पुसून काढावे. या सिव्हिकमध्ये शॉकॲब्झॉर्बरचा खालचा फोर्क शाफ्टच्या दोन्ही अंगांनी खाली उतरतो. तो परत सैलसर लावून ठेवावा, कारण जाड शाफ्ट लांबीला अचूक असूनही फोर्कला घासू शकतो.

प्रथम शाफ्ट कपात पूर्ण आत ढकलून कपाच्या काठापासून कळेच्या तोंडापर्यंतची खोली व्हर्निअरने मोजावी, मग रोलर काठाशी येईपर्यंत बाहेर ओढून पुन्हा मोजावी. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे उपलब्ध सरक. आता नकलखाली (हब ज्यात बसतो त्या भागाखाली) जॅक लावून चाकाची जागा अगदी खालपासून अगदी वरपर्यंत 20-20 मिलिमीटरने वर न्यावी आणि प्रत्येक टप्प्यावर ती खोली कागदावर लिहावी. त्या त्या टप्प्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बाहेरचा जॉइंट आणि फोर्क पाहावा. शेवटी पहारीने इंजिन हलके ढकलून आकडा किती बदलतो तेही नोंदवावे, कारण रबरी माउंटिंगवरचे इंजिन भाराखाली हलतेच.

आकड्यांवरून निर्णय घ्या

गाडी नेहमीच्या उंचीवर असताना कळ सरकेच्या साधारण मध्यावर असावी आणि दोन्ही टोकांना किमान 5 मिलिमीटर जागा उरावी. डावीकडचा शाफ्ट 12 मिलिमीटर लांब आणि उजवीकडचा तेवढाच आखूड भरला, तर इंजिन 12 मिलिमीटर डावीकडे बसले आहे. माउंटिंग सरकवावे, शाफ्ट बदलू नयेत. के मालिकेत उजवीकडे मधला शाफ्ट आणि त्याचा बेअरिंग ब्रॅकेट असतो. केवळ उजवीकडेच गडबड असेल, तर आधी तो ब्रॅकेट ब्लॉकवर सरळ बसला आहे का, ते पाहावे. दोन्ही शाफ्ट लांब किंवा दोन्ही आखूड भरत असतील, तरच शाफ्टच्या दांड्याची लांबी चुकली आहे असे मानावे. मध्य बरोबर असून दोन्ही टोकांना जागा अपुरी पडत असेल, तर जास्त सरकेचा जॉइंट घ्यावा किंवा सस्पेन्शनच्या हालचालीला आळा घालावा.

दांडा बनवून घेताना

लांब शाफ्ट मधून कापून, बाहेरून नळी चढवून वेल्डिंग करून देणारे कारागीर सर्वत्र भेटतात. हा मार्ग मुळीच पत्करू नये. शाफ्टचा पृष्ठभाग इंडक्शनने कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा भाग काही ठिकाणी मऊ, तर काही ठिकाणी ठिसूळ होतो आणि तुटण्याची वेळ नेमकी जोर लावताना येते. 4340 प्रतीच्या किंवा आपल्याकडील ईएन24 पोलादाचा दांडा, स्प्लाइन (टोकांवरचे उभे दाते) काढून झाल्यावर योग्य उष्णतोपचार करून घ्यावा. टर्नरला केवळ लांबी सांगून भागत नाही. दोन्ही टोकांच्या स्प्लाइनची संख्या, व्यास, स्प्लाइनचा कोन आणि सरक्लिपच्या (शाफ्टला जागेवर अडकवणाऱ्या तारेच्या कड्याच्या) खाचेची जागा मूळ नमुन्यासह द्यावी. शक्यतो जुना जॉइंट सोबत नेऊन दांडा तिथेच घालून पाहावा.

जोडणी

गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या टोकावर नवी सरक्लिप घालावी. शाफ्ट बसताना टक असा आवाज येतो. त्यानंतर जॉइंटचा कप हाताने बाहेर ओढून तो सुटत नाही, याची खात्री करावी. दांडा धरून ओढल्यास आतले रोलर निखळतात. ऑइल सील ज्या पृष्ठभागावर टेकते, त्याचा व्यास जुळत नसेल, तर नवे सीलही गळते. सीव्ही जॉइंटचेच (ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटसाठीचेच) ग्रीस, किटमध्ये दिलेल्या मापाने भरावे. आतल्या बूटची पट्टी आवळण्यापूर्वी गाडी नेहमीच्या उंचीवर आणून बारीक स्क्रू-ड्रायव्हर घालून अडकलेली हवा सोडावी, नाहीतर बूट फुगतो किंवा आत ओढला जातो. हबचा नट नवा घ्यावा, मॅन्युअलमधील टॉर्कला आवळावा आणि त्याची कड खाचेत ठोकावी. शाफ्ट काढलेल्या अवस्थेत चाकावर भार देऊन गाडी ढकलू नये, कारण चाकाची बेअरिंग त्या नटानेच आवळून धरलेली असते.

पहिल्या फेरीत मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवावा आणि तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावून थरथर येते का, ते पाहावे. सुमारे 100 किलोमीटरनंतर बूट, सील आणि फोर्कजवळचा रंग तपासावा. तिथे चकचकीत घासलेला पट्टा दिसला, तर शाफ्ट अजून टेकतो आहे.