फ्रिंजची रक्कम रोख द्यावी की योजनेत भरावी?

अमेरिकेत 2,000 डॉलरपेक्षा मोठ्या केंद्र सरकारी बांधकाम कंत्राटांना 1931 चा डेव्हिस-बेकन कायदा लागू होतो. या कायद्यानुसार मूळ दर आणि फ्रिंज (म्हणजे मूळ दराशिवाय द्यायची लाभांची रक्कम) मिळून होणारे तासाचे वेतन बंधनकारक असले, तरी फ्रिंजचा भाग रोख द्यायचा की निवृत्ती अथवा आरोग्यविमा योजनेत भरायचा, हे कंत्राटदाराला ठरवता येते. मूळ दर 30 आणि फ्रिंज 12 डॉलर धरल्यास, रोख दिलेल्या 12 डॉलरवर मालकाच्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा 7.65 टक्के कर, म्हणजे तासाला सुमारे 92 सेंट, बसतो. पात्र योजनेत भरल्यास तो वाचतो. निविदा भरण्यापूर्वीच हा हिशेब मांडावा. ओव्हरटाइमची दीडपट मात्र केवळ मूळ दरावर येते, त्यामुळे तासाला 45 अधिक 12 असे 57 डॉलर होतात, 63 नव्हेत.

खरी गफलत विम्याच्या हप्त्यात होते. वर्षाचा हप्ता 7,200 डॉलर आणि कामगाराचे सरकारी व खासगी कामांचे मिळून 2,080 तास असतील, तर तासाला फक्त 3.46 डॉलर फ्रिंजमध्ये धरता येतात. सगळा हप्ता फक्त सरकारी कामाच्या तासांवर टाकण्याचा मोह कितीही झाला, तरी तो नियमात बसत नाही. उरलेले 8.54 डॉलर रोख किंवा दुसऱ्या पात्र योजनेत द्यावे लागतात.