चोवीस तासांची ड्युटी घेण्याआधी

रत्नागिरी, गुहागर, दापोली या पट्ट्यात घरी राहून आजारी माणसांचं करणाऱ्या बायांना काम कमी पडत नाही. मुलं मुंबई-पुण्याला नाहीतर परदेशात आणि वाडीतल्या मोठ्या घरात ८०-८५ वर्षांची आई किंवा वडील एकटे. खुब्याचं हाड मोडलं, अर्धांगवायू झाला, विसरायला व्हायला लागलं, की अशा बाया पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जातो. या कामात नव्याने येणाऱ्या मुली मला पहिल्यांदा पगार विचारतात. मी त्यांना आधी झोपेचं विचारायला सांगते.

चोवीस तासांच्या ड्युटीत कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळा कुणी आपणहून ठरवून देत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. म्हणजे रात्री ११, १, ३, ५ असं उठणं आलंच. विसरण्याचा आजार असेल तर तिन्हीसांजेपासूनच जीव घाबरा होतो, ‘बागेत जायचंय, राखणीला कोण नाही’ म्हणत आजोबा दार उघडायला बघतात, आणि ते रात्रभर चालतं. अशा रात्रीनंतर दुपारी सलग तीन तास तरी वेगळ्या खोलीत, दार लावून झोप मिळालीच पाहिजे. पेशंटच्या खाटेशेजारी डुलकी काढणं म्हणजे झोप नव्हे, कारण कान तिकडेच असतो.

म्हणून पहिल्या फोनवरच विचारा: पेशंट रात्री किती वेळा उठतात? दुपारी त्यांच्याजवळ कोण बसणार? मला झोपायला जागा कुठे? ‘तशा त्या काही त्रास देत नाहीत’ एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा. रात्रभर जागवणारा पेशंट असेल तर तिथे दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोघी लागतात, हे घरच्यांना सरळ सांगावं. झोप न झालेल्या बाईच्या हातून गोळ्यांची अदलाबदल होते, न्हाणीत माणूस निसटतो. आपली झोप हा पेशंटच्या सुरक्षिततेचाच भाग आहे, असं मांडलं की पुष्कळ घरं ऐकतात. आठवड्याची सुट्टीही तेव्हाच ठरवा. आडगावात बदली बाई मिळणं कठीण, म्हणून काही जणी पंधरा दिवसांनी दोन दिवस जोडून घेतात. त्या दिवशी शेवटची एसटी किती वाजता आहे आणि तोवर तुमच्या जागी कोण येणार, हेही बोलून ठेवा. पावसात दरड आली की रस्ताच बंद होतो, तेव्हा हुकलेली सुट्टी पुढे भरून मिळायला हवी.

दुसरी गोष्ट कंबर. आपल्याकडची जुनी घरं आजारी माणसासाठी बांधलेली नाहीत. उंबरठे उंच, न्हाणी मागच्या पडवीला, पावसाळ्यात लादीला ओल आणि अंगणात शेवाळ. खाटा एवढ्या बुटक्या की दिवसभर वाकूनच काम. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी चाळिशीतच कमरेला पट्टा बांधून फिरतात. कमोडची खुर्ची, उंची कमीजास्त होणारा दवाखान्यातला पलंग, हवेची गादी या वस्तू भाड्यानेही मिळतात. घरच्यांना आणायला लावा. पलंग होतच नसेल तर खाटेच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे तरी. पेशंटखाली खांद्यापासून मांडीपर्यंत घडी केलेली चादर घालून दोघींनी दोन बाजूंनी सरकवावं, एकटीने काखेत हात घालून ओढू नये. उठवताना गुडघ्यात वाकायचं, माणूस अंगाजवळ घ्यायचा आणि त्याला आपल्या गळ्यात हात टाकू द्यायचे नाहीत. तोल गेला तर तुमची मान जाते. आंघोळीला दुसरं माणूस कोण येणार, हे नावानिशी ठरलं पाहिजे.

हातमोजे घरच्यांनी आणायचे. कावीळ ‘बी’ची लस कामाला लागण्याआधी सुरू करा, तीन डोस असतात, दुसरा पहिल्यानंतर महिन्याने आणि तिसरा पहिल्यानंतर सहा महिन्यांनी. इन्सुलिनची वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालायची नाही, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकायची. आणि सलाईन लावणं, लघवीची किंवा नाकातली नळी बदलणं हे प्रशिक्षित नर्सचं काम. ‘तुला येतंच की गो’ म्हणाले तरी हात लावू नका.

गणपती आणि मे महिना यांचं वेगळं सांगावं लागतं. चाकरमानी आले की घर भरतं आणि बघता बघता पेशंट सांभाळणाऱ्या बाईकडे दहा-बारा माणसांचा चहा, भांडी, मोदकांचे नारळ येतात. प्रेमाने सांगतात, म्हणून नाही म्हणणं अवघड जातं. पण तुमच्याही घरी गणपती असतो, गौर असते, लेकरं वाट बघत असतात. मला वाटतं, वर्षातली ही अशी वेळ आहे की मुलगा, सून, लेक सगळे आईजवळ असतात. तेव्हाच बाईला घरी सोडायला हवं. दोन महिने आधी बोललात तर जमतं. राहावंच लागलं तर स्वयंपाकाला दुसरी बाई आणि तुम्हाला जादा पैसे, हे आषाढातच ठरवून टाका.

कागदाचं थोडक्यात. ब्युरो दरमहा किती कापणार ते लिहून घ्या, पगार बँकेत मागा. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी १६ ते ५९ वयापर्यंत होते. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा बँकेतून मिळतो, तो जरूर काढा. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८चा आहे. नोंदणीची चौकशी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करा. घरातल्या कुणी वाईट हात लावला, घाणेरडं बोललं, तर २०१३चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा कुणाच्या घरात काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. रात्री असं घडलं तर आधी ११२ला फोन.

मनाचंही बघायला लागतं. महिनोन्‌महिने एकाच माणसाशी बोलणं, बाहेर पाऊस, मोबाईलला रेंज नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास घराबाहेर पडायचं ठरवून घ्या, शेजारच्या वाडीत ओळखी करा. फारच जड झालं तर सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ वर मोफत बोलता येतं, मराठीतही.

सगळ्यात कठीण पेशंट जातो तेव्हा. ज्यांना घास भरवला त्यांना शेवटची आंघोळही बऱ्याचदा आपणच घालतो, आणि त्याच दिवशी पिशवी भरून निघावं लागतं. नातेवाईक दुःखात असतात, हिशोब मागायची लाज वाटते. म्हणून कामाला लागतानाच ठरवा, की असं झालं तर त्या दिवसापर्यंतचा पगार आणि पुढचे काही दिवसांचे पैसे मिळतील. पगाराचं बोलणं घरातल्या एकाच माणसाशी ठेवा, म्हणजे बाराव्यानंतर फोन कुणाला करायचा हे माहीत असतं. ब्युरोचा फोन मात्र बहुधा संध्याकाळीच येतो, चिपळूणला एक केस आहे म्हणून. शक्य असेल तर आठ दिवसांनी येते म्हणून सांगा, आणि ते आठ दिवस आपल्या माणसांत काढा.